डॉक्टरांना दिलेलं मत

३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींची हत्या झाली आणि डिसेंबरच्या अखेरीस देशाने मतदान केलं. निकाल काय लागणार याबद्दल कुणाला फारशी शंका नव्हती. काँग्रेसला चारशेच्या वर जागा मिळाल्या. महाराष्ट्रात ४८ पैकी ४३ जागा तिच्याकडे गेल्या. मुंबईत दक्षिणेत मुरली देवरा, वायव्येला सुनील दत्त, ईशान्येला गुरुदास कामत असं करत सहापैकी पाच जागा काँग्रेसने घेतल्या. सहावी जागा होती मुंबई दक्षिण-मध्य. तिथे एक अपक्ष निवडून आला. त्याने पुकारलेला कापड गिरण्यांचा संप तीन वर्षं होत आली तरी कागदोपत्री मिटलेला नव्हता आणि प्रत्यक्षात केव्हाच हरलेला होता. त्या संपात लाखाहून जास्त माणसांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. त्या माणसांनी, त्यांच्या बायकांनी आणि शेजाऱ्यांनी डॉ. दत्ता सामंतांना लोकसभेत पाठवलं.

त्या वेळच्या बऱ्याच राजकीय पंडितांना याचा उलगडा होईना. ज्या पुढाऱ्यामागे जाऊन घर बसलं, त्यालाच मत? कुणी याला भाबडेपणा म्हटलं, कुणी व्यक्तिपूजा. मला दोन्ही पटत नाही. लालबाग, परळ, चिंचपोकळी, वरळी हा गिरणगावाचा टापू मताच्या बाबतीत कधीच भाबडा नव्हता. उलट मत हे आपल्या हातातलं एकमेव गुप्त हत्यार आहे, हे गिरणगावाला इतर मुंबईच्या कितीतरी आधी कळलं होतं. का कळलं, हे समजायचं तर एका कायद्याकडे जावं लागतं. एरवी कायद्याच्या कलमांत कुणाला रस नसतो, पण इथे सगळी मेख तिथेच आहे.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद राहिल्या. लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन त्या संपातून उभी राहिली आणि श्रीपाद अमृत डांगे हे नाव चाळीचाळींत पोचलं. सरकार आणि मालक दोघांनीही त्यातून धडा घेतला. १९३७ मध्ये प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, बाळासाहेब खेर पंतप्रधान झाले (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधानच म्हणत) आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी औद्योगिक तंट्यांचं विधेयक आणलं. संपावर नोटिशींची आणि तडजोडीच्या मुदतींची इतकी कुंपणं घातली गेली की कायद्यात राहून संप करणं जवळजवळ अशक्य झालं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात या विधेयकाला कडाडून विरोध केला. संपाचा हक्क हा स्वातंत्र्याचाच हक्क आहे, अशी त्यांची मांडणी होती. ७ नोव्हेंबर १९३८ ला त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. आंबेडकर आणि डांगे एका बाजूला, हे दृश्य पुन्हा फारसं दिसलं नाही. ते सोपंही नव्हतं. विणकामाच्या खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याला स्पृश्यांचा विटाळ आड येई. कामगार एकजुटीच्या भाषणांत या विटाळावर मौन असे, आणि १९२८ नंतर आंबेडकरांनी कम्युनिस्ट पुढाऱ्यांना त्यावरूनच धारेवर धरलं होतं. तरीही त्या दिवशी ते एकत्र आले. इतका त्या विधेयकाचा धोका त्यांना वाटला. विधेयक अर्थातच मंजूर झालं.

१९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा हा त्याचाच मोठा भाऊ. तेव्हाचे मजूरमंत्री गुलझारीलाल नंदा अहमदाबादच्या मजूर महाजनात तयार झालेले. मालक आणि मजूर यांनी लवादापुढे बसून तंटा मिटवावा, ही तिथली गांधीवादी रीत. अहमदाबादला ती चालली. मुंबईत तिचं जे झालं ते असं: शहरातला सगळा कापड उद्योग मिळून एकच घटक धरला गेला आणि त्याची एकच ‘प्रातिनिधिक’ संघटना. मालकांशी बोलणी तीच करणार, करारावर सही तिची, कामगाराची तक्रारही तिच्यामार्फत. ही संघटना ठरणार ती निबंधकाकडच्या सभासदांच्या नोंदीवरून. कामगारांचं गुप्त मतदान त्यात कुठेच नव्हतं. एखाद्या गिरणीतल्या सगळ्याच्या सगळ्या कामगारांनी संघटना सोडली, तरी बाकीच्या पन्नासेक गिरण्यांची वही भरलेली असली की तिचं स्थान अबाधित. हे स्थान काँग्रेसच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळालं आणि ते त्याच्याकडून पुढे कुणालाच काढून घेता आलं नाही. परळची ‘मजदूर मंझिल’ हे त्याचं कार्यालय. कामगार नुसतं ‘संघ’ म्हणत, आणि ते म्हणण्याच्या सुरावरून माणूस कुठल्या बाजूचा ते कळे.

आता गंमत बघा. गिरणीच्या फाटकाच्या आत कामगाराला आपला प्रतिनिधी निवडता येत नव्हता. फाटकाच्या बाहेर, चाळीजवळच्या शाळेतल्या मतदान केंद्रावर मात्र येत होता. मग त्याने काय केलं? संघ काँग्रेसचा, म्हणून फाटकाबाहेर काँग्रेसला पाडायचं. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राचा वणवा पेटलेला असताना डांगे मध्य मुंबईतून प्रचंड मतांनी निवडून आले. १९६७ मध्ये ते याच भागातून पुन्हा लोकसभेवर गेले. त्याच निवडणुकीत जॉर्ज फर्नांडिसांनी स. का. पाटलांना शेजारच्या दक्षिण मुंबईत पाडलं. आत संघाचा करार आणि बाहेर लाल बावट्याला मत, हा गिरणगावाचा हिशोब दहा-पंधरा वर्षं चालला.

पण मत देऊन पगार वाढत नाही. डांगे संसदेत गाजत होते आणि वाटाघाटीच्या टेबलावर बसत होता तो संघच. त्यात बदली कामगारांची संख्या वाढत चालली होती. बदली म्हणजे रोज सकाळी फाटकावर उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर आत जायचं, नाहीतर खोलीवर परत. गावाकडच्या माणसांनी भरलेल्या गाळ्यात पाळीपाळीने झोपणाऱ्या तरुण पोरांना डांग्यांची १९२८ ची गोष्ट पाठ होती, पण ती आजोबांची गोष्ट होती.

या फटीत शिवसेना शिरली. १९ जून १९६६ ला स्थापना झाली आणि डिसेंबर १९६७ मध्ये परळच्या दळवी बिल्डिंगमधल्या गिरणी कामगार युनियनच्या कार्यालयावर हल्ला झाला. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांचा सेनेला छुपा आशीर्वाद आहे, असं विरोधक उघड म्हणत. ‘वसंतसेना’ हे टोपणनाव त्यातूनच पडलं. ५ जून १९७० च्या रात्री कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा लालबागमध्ये खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या, बहुतेक विरोधी पक्ष त्यांच्या पाठीशी होते. तरी सेनेचे वामनराव महाडिक थोड्या फरकाने जिंकले आणि सेनेचा पहिला आमदार झाले. नुकत्याच मारल्या गेलेल्या लोकप्रिय आमदाराची विधवा हरते, हे भीतीने झालं असं डाव्यांनी सांगितलं. भीती होतीच. पण ज्याला कम्युनिस्ट जुने, संघ परका आणि काँग्रेस सरकारी वाटत होती, असा मराठी मतदारही त्या दिवशी रांगेत उभा होता. डाव्यांनी त्याची दखल घेतली नाही ती नाहीच.

आणि तरीही १९७४ मध्ये हाच मतदार उलटा फिरला. जानेवारीत डांग्यांच्या युनियनने गिरण्यांत संप पुकारला, तो ४२ दिवस चालला. त्याच महिन्यात मध्य मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक होती. काँग्रेसचे रामराव आदिक एका बाजूला, त्यांना सेनेचा पाठिंबा. दलित पँथरने बहिष्काराची हाक दिली होती, वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल उसळली होती आणि त्या दिवसांत पँथरचा भागवत जाधव मारला गेला. या सगळ्या धुमाळीत निवडून आल्या त्या डांग्यांच्या कन्या रोझा देशपांडे. सेना आणि काँग्रेस यांच्या उघड मैत्रीला गिरणगावाने दिलेलं ते उत्तर होतं. पुढच्याच वर्षी आणीबाणी आली आणि डांग्यांच्या पक्षाने तिला पाठिंबा दिला. काँग्रेसला पाडायला ज्यांना मत दिलं, ते काँग्रेसच्या मांडीला मांडी लावून बसले. संपबंदीच्या त्या काळात गिरणीत लाल बावट्याची जी पत घसरली ती परत चढली नाही.

मुंबईचा गिरणी कामगार एके काळी शहरातला सगळ्यांत चांगला पगार घेणारा कामगार होता. सत्तरीच्या दशकात हे चित्र पालटलं. ठाणे, कुर्ला, विक्रोळी, कांजूरमार्गच्या इंजिनिअरिंग आणि औषधांच्या कारखान्यांतले कामगार त्याच्या पुढे निघून गेले. एकाच चाळीत एकाच मजल्यावर राहणारी दोन माणसं, पगारात एवढी तफावत. कारखान्यांतले अनेक कामगार ज्याचं नाव घेत तो माणूस घाटकोपरच्या पंतनगरातला एक डॉक्टर होता.

दत्ता सामंत मूळचे मालवणजवळच्या देवबागचे. दगडखाणीतल्या मजुरांवर उपचार करता करता ते त्यांच्या मजुरीच्या भांडणात उतरले. १९७२ मध्ये ते काँग्रेसच्याच तिकिटावर आमदार झाले होते. आणीबाणीत त्यांना तुरुंगात टाकलं गेलं. त्यांची पद्धत वेगळी होती. डावे पुढारी ताळेबंद वाचत, महागाई निर्देशांकाचं गणित मांडत आणि लवादापुढे युक्तिवाद करत. सामंत ताळेबंदाकडे बघायलाच तयार नसत. कंपनीला परवडतं की नाही हा कामगाराचा प्रश्न नाही, असं ते धरून चालत. आकडा सांगायचा आणि तो मिळेपर्यंत काम बंद. प्रीमियर ऑटोमोबाइल्ससारख्या मोठ्या कंपन्यांत ही पद्धत यशस्वी झाली. हिंसाचाराचे आरोप, खटले, हेही त्यांच्या मागे होते. कामगारांना त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. कायद्याने वागणाऱ्या पुढाऱ्यांचा अनुभव त्यांना पस्तीस वर्षं होता.

१९८१ च्या दिवाळीला बोनसवरून ठिणगी पडली. संघाने जो करार केला तो गिरण्या-गिरण्यांत वेगवेगळा आणि कामगारांच्या मते तुटपुंजा. मागणी होती सरसकट २० टक्क्यांची. शिवसेनेच्या बाळासाहेब ठाकऱ्यांनी आधी पुढाकार घेतला. १ नोव्हेंबरला एक दिवसाचा संप झाला, तो चांगला झाला, आणि पुढच्या बेमुदत संपाची वाट कामगार बघू लागले. मग मुख्यमंत्री अंतुले यांच्याशी बोलणी झाली आणि बेमुदत संप काही झाला नाही. अंतुले आणि ठाकरे यांची मैत्री जगजाहीर होती. ज्यांनी एक दिवस गिरण्या बंद ठेवल्या, त्यांना यातून जे समजायचं ते समजलं.

त्याआधीच प्रभादेवीच्या स्टँडर्ड मिलचे कामगार घाटकोपरला सामंतांच्या दारात जाऊन उभे होते. सामंत लगेच तयार झाले नाहीत. कापड गिरण्यांत १९४६ चा कायदा आहे आणि तो आपल्या पद्धतीला मोडता घालणार, हे त्यांना ठाऊक होतं. कामगार हलेनात. एकामागून एक गिरण्यांचे जथे येत राहिले. पुढाऱ्याने कामगारांना संपावर नेलं असं आपण सहज म्हणतो. इथे कामगारांनी पुढारी धरून आणला, आणि आणताना त्याने तडजोड करू नये हीच त्यांची अट होती. या अटीचा फास पुढे दोघांच्याही गळ्यात बसला.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. साठेक गिरण्या, जवळजवळ अडीच लाख कामगार. मागण्या तीन प्रकारच्या होत्या: पगारवाढ, बदलींना कायम करणं, आणि मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करून संघाची मान्यता काढणं. त्या दिवशी राज्याला धड मुख्यमंत्रीही नव्हता. सिमेंट प्रकरणात उच्च न्यायालयाने ठपका ठेवल्यावर अंतुल्यांनी राजीनामा दिला होता, बाबासाहेब भोसल्यांचा शपथविधी २१ तारखेला व्हायचा होता. भोसले विनोदी बोलण्यासाठी प्रसिद्ध. त्यांच्याकडे निर्णय घेण्याची मुभा नव्हती हे सगळ्यांना माहीत होतं. निर्णय दिल्लीत होणार होता आणि इंदिरा गांधींच्या सरकारने ठरवलं होतं की सामंतांपुढे वाकायचं नाही. कापड गिरण्यांत ते जिंकले तर गोदी, बँका, तेल कंपन्या, सगळीकडे तोच कित्ता गिरवला जाईल, ही धास्ती. पगारावर एक वेळ तडजोड झाली असती. संघाची मान्यता काढणं म्हणजे काँग्रेसने स्वतःच्या हाताने स्वतःचं ठाणं खाली करणं होतं. सरकारने पुढे ३० रुपयांची अंतरिम वाढ आणि ६५० रुपयांची उचल देऊ केली. दहा महिने उपाशी राहिलेल्या माणसाच्या हातावर हे ठेवणं म्हणजे त्याची चेष्टाच होती.

पहिले काही महिने गाव पाठीशी उभं राहिलं. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरीहून धान्य आलं. कितीतरी कामगार बाडबिस्तरा घेऊन गावी गेले आणि शेतात मजुरीला लागले. सामंत गावोगाव सभा घेत फिरत होते आणि ऊसकरी, शेतमजूर त्यांना ऐकायला येत होते. मुंबईत बायकांनी दागिने मोडले, खानावळी बंद पडल्या, कारण जेवणाऱ्यांकडे पैसे नव्हते. १८ ऑगस्टला पोलिसांनीच बंड केलं तेव्हा गिरणी कामगार रस्त्यावर उतरून त्यांच्यात मिसळले. लष्कर बोलवावं लागलं. त्या दसऱ्याला शिवाजी पार्कवर ठाकऱ्यांच्या व्यासपीठावर शरद पवार आणि जॉर्ज फर्नांडिस बसले. संपाचा विषय निघाला, भाषणं झाली, आणि फाटकं तशीच बंद राहिली.

मालकांना घाई नव्हती. गोदामांत माल पडून होता. भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांवर कापड विणून घेऊन त्यावर गिरणीचा छाप मारता येत होता. जुनी यंत्रं, जास्तीचे कामगार आणि खाली सोन्याच्या भावाची जमीन, हे गणित त्यांनाही येत होतं. संपाने गिरण्या मारल्या असं सर्रास सांगितलं जातं. गिरण्या आधीच मरणाच्या दारात होत्या आणि मालकांना त्या मरायला हव्या होत्या. संपाने त्यांना निमित्त दिलं. तरी सामंतांनाही मोकळं सोडता येत नाही. संपनिधी नव्हता, मागे फिरायची वाट आखलेली नव्हती, आणि काही गिरण्यांत वेगळा करार करून दम घ्यायची संधी त्यांनी घेतली नाही. १९८३ मध्ये कामगार दबक्या पावलांनी परत जाऊ लागले, मालक हवे तेवढेच घेऊ लागले. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्राने १३ गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही.

म्हणजे १९८४ च्या डिसेंबरात मतदान केंद्रावर आलेला माणूस हरलेला होता आणि ते त्याला पुरतं कळत होतं. त्याच्यासमोर काँग्रेसचा उमेदवार होता. संघ काँग्रेसचा, ३० रुपये देणारं सरकार काँग्रेसचं. सेनेचे वामनराव महाडिक भाजपच्या कमळावर उभे होते. बेमुदत संपाची आशा लावायची आणि हाक द्यायची नाही, हे त्याने १९८१ मध्ये पाहिलं होतं. डावे होते, पण विझलेले. डांग्यांना तर १९८१ मध्ये त्यांच्याच पक्षाने काढून टाकलं होतं. उरले डॉक्टर. त्यांनी काही मिळवून दिलं नव्हतं, मात्र ते विकलेही गेले नव्हते. १९४६ पासून फाटकाच्या आत जो प्रश्न कधी विचारलाच गेला नाही, तुमची युनियन कुठली, तो डिसेंबर १९८४ मध्ये पहिल्यांदा शिक्का मारून, गुप्तपणे विचारला गेला. देशभर इंदिराजींसाठी सहानुभूतीची लाट होती. गिरणगावाने त्या लाटेकडे पाठ करून आपल्या संघटनेची निवडणूक उरकून घेतली. सामंत जिंकणं म्हणजे संघ हरणं. अडतीस वर्षांनी.

हा अर्थ मी लावतोय आणि तो खरा असेल, तर पुढच्या चार महिन्यांत जे झालं तेही त्यात बसायला हवं. ते बसतं, पण सुखाने नाही. एप्रिल १९८५ मध्ये मुंबई महापालिकेची निवडणूक झाली. त्याआधी मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा डाव शिजत असल्याचं विधान केलं. काँग्रेसमधल्याच भांडणातून ते आलं असं बोललं जात होतं. ठाकऱ्यांना आयतं कोलीत मिळालं. १७० पैकी ७४ जागा जिंकून सेनेने महापालिका घेतली, छगन भुजबळ महापौर झाले. सामंतांच्या कामगार आघाडीला लोकसभेतला जोर तिथे दाखवता आला नाही. डिसेंबरात ज्या चाळींनी डॉक्टरांना मत दिलं, त्याच चाळींतून एप्रिलमध्ये सेनेचे नगरसेवक निघाले.

याला दुटप्पीपणा म्हणता येईल, पण मतदार त्या काळात दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होता. युनियन कुणाची हे त्याने सांगून टाकलं होतं. युनियनला आता गिरणीच उरली नव्हती. राहिला प्रश्न नळाला पाणी यायचा, केईएममध्ये खाट मिळायचा, पोराला कुठेतरी चिकटवायचा. ही कामं सामंत करत नव्हते, त्यांना करायची नव्हती. ते घाटकोपरला होते, दिल्लीला होते, पुण्या-ठाण्याच्या कारखान्यांत होते. सेनेची शाखा गल्लीच्या तोंडाशी होती आणि तिचा फळा रोज सकाळी लिहिला जात होता. बाप संपाच्या धक्क्यातून सावरत नव्हता, पोरगा शाखेच्या कट्ट्यावर बसायला लागला होता. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकात त्या घरांची अवस्था सगळ्या महाराष्ट्राने रंगमंचावर पाहिली, पण ते १९९७ चं. तोवर पोरगे बापाच्या वयाचे झाले होते.

१९८९ मध्ये सामंत लोकसभेतून गेले आणि दक्षिण-मध्यची जागा वामनराव महाडिकांनी घेतली. १९७० ला गिरणगावात पहिल्यांदा भगवा रोवणारे तेच. १९९१ पासून मोहन रावले पाच वेळा निवडून आले. बाहेरून बघणाऱ्याला हा सेनेचा बालेकिल्ला वाटे. मला तो थकलेल्या मतदाराचा मुक्काम वाटतो. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांत गिरण्यांच्या जमिनीचे तीन हिस्से करायचं ठरलं: एक महापालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. १९९५ ते १९९९ सेना-भाजपचं राज्य होतं. याच काळात, १६ जानेवारी १९९७ ला, संपाच्या पंधराव्या वाढदिवसाला दोन दिवस उरले असताना, सामंतांना पवईत घराजवळ गोळ्या घालून मारलं. अंत्ययात्रेला मुंबईभरचे कामगार लोटले. २००१ मध्ये, मुख्यमंत्री विलासराव देशमुखांच्या कारकिर्दीत, नियम असे फिरवले गेले की वाटणीला फक्त मोकळी जमीन उरली, इमारतींखालची वाटणीतून बाद झाली. महापालिका आणि म्हाडाच्या हिस्स्यात किती राहिलं हे ओळखायला गणित लागत नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे नियम उचलून धरले.

यातला एक तपशील सांगायलाच हवा. २००५ मध्ये दादरच्या कोहिनूर मिल क्रमांक ३ ची जमीन ४२१ कोटींना विकली गेली. घेणाऱ्यांत सेनेचे माजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांच्या मुलाची कंपनी आणि राज ठाकरे ज्यात भागीदार होते ती कंपनी होती. शिवसेनेच्या भवनासमोरची ती जागा. व्यवहार कायदेशीर होता. पण गिरणगावात कायदेशीर या शब्दाने कुणाचं समाधान झाल्याचं उदाहरण नाही.

मतदाराने याला उत्तर द्यायचा प्रयत्न केला, फक्त पर्याय आणखी विचित्र होत गेले. भायखळ्याच्या दगडी चाळीचे अरुण गवळी, ज्यांना एके काळी ठाकऱ्यांनी जाहीरपणे आपलं म्हटलं होतं, त्यांनी १९९७ मध्ये अखिल भारतीय सेना काढली. २००४ मध्ये ते दक्षिण-मध्यमधून लोकसभेला उभे राहिले आणि नव्वद हजारांवर मतं घेतली. राष्ट्रवादीचे सचिन अहिर, म्हणजे त्यांचेच भाचे, दुसरे आले आणि या तिरंगी लढतीत रावले कसेबसे तरले. काही महिन्यांनी चिंचपोकळीने गवळींना विधानसभेत पाठवलं. दक्षिण मुंबईतल्या इंग्रजी वर्तमानपत्रांना धक्का बसला. चिंचपोकळीत लोक म्हणत होते की निदान हा आमच्यातला आहे, गिरणी कामगाराचा मुलगा आहे आणि दारात गेलं तर भेटतो. सामंतांबद्दलही लोक एके काळी हेच म्हणत. सामंत आणि गवळी यांची तुलना करण्याचा माझा हेतू नाही, पण दोघांच्या पाठीशी जी माणसं गेली त्यांच्यातलं साम्य डोळ्याआड करता येत नाही.

त्याच काळात मत न मागता काम करणारीही माणसं होती. मॉडर्न मिलमधले दत्ता इस्वलकर आणि त्यांची बंद गिरणी कामगार संघर्ष समिती १९८९ पासून मोर्चे काढत, न्यायालयात जात, अर्ज भरून घेत राहिली. जमिनीवर घरं मिळाली पाहिजेत ही त्यांची साधी मागणी. २०१२ मध्ये म्हाडाने साडेसहा हजारांवर घरांची सोडत काढली. अर्ज लाखाहून जास्त होते. गिरणी कामगाराला त्या सगळ्या वर्षांत काही ठोस मिळालं असेल तर ते या चळवळीतून. निवडणुकीत मात्र ती कधी मोजली गेली नाही.

२००९ च्या निवडणुकीआधी मतदारसंघांची फेररचना झाली. दक्षिण-मध्यचा जुना आकार मोडला. लालबाग, परळ, वरळी, शिवडी हे सगळं दक्षिण मुंबईत गेलं, मलबार हिल आणि कुलाब्याच्या जोडीला. राज ठाकऱ्यांची महाराष्ट्र नवनिर्माण सेना पहिल्यांदाच लोकसभेला उतरली होती. कोहिनूर मिलची गोष्ट सगळ्यांना माहीत होती, तरी गिरणगावातल्या तरुणांनी मनसेच्या बाळा नांदगावकरांना दीड लाखाच्या आसपास मतं दिली, कारण सेनेला धडा शिकवायचा होता. रावले तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले. निवडून आले काँग्रेसचे मिलिंद देवरा, मुरली देवरांचे चिरंजीव. दिवाळीच्या सुमारास विधानसभेची निवडणूक आली, तेव्हा शिवडीतून नांदगावकर जिंकले आणि पाच वर्षांनी शिवसेनेच्या अजय चौधरींकडून हरले.